आईंचं पान

पान ठेवून इतका वेळ झाला की भाताची मूद वरून सुकायला लागली, पण कावळ्याचा पत्ता नव्हता.

बाकी सगळे येऊन गेले होते. आधी सातभाईंची टोळी आली, नेहमीसारखी आपसांत भांडत, आणि पानाभोवती नाचून कढीपत्त्याखाली पसार झाली. बुलबुलाची जोडी चिकूवर बसून खालचा प्रकार बघत होती. एक खार तर हौदाच्या कडेकडेनं सरळ पानावरच आली. उडदाचा वडा दोन्ही हातांत धरून आम्हा सगळ्यांच्या देखत तिनं तो आरामात कुरतडला.

"खार शिवली तर चालतं का हो गुरुजी?" श्रीकांतनं विचारलं. श्रीकांत म्हणजे माझा नवरा. श्राद्ध तोच करत होता आणि सकाळपासून त्याच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

पाठकगुरुजींना अजून एका घरी जायचं होतं. ते म्हणाले, "तसं बघितलं तर शास्त्रात एवढं काही अडत नाही. आपण काकबळी ठेवला, आपलं काम झालं. तुम्ही पानं वाढायला घ्या."

"शास्त्राचं राहू द्या," आत्या मागून म्हणाल्या. "आमच्या घरात कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवत नाही. माझ्या वडिलांपासून तसंच आहे."

झालं. आत्यांनी एकदा 'वडिलांपासून' म्हटलं की विषय संपला. त्या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. ऐंशीच्या घरात होत्या, पण काठी टेकत आल्या की अजून चुलत-मावस सगळे उठून उभे राहत. त्यांच्यासाठी परसदारी वेताची खुर्ची मांडली होती. बाकीचे पंधरा-वीस पाहुणे पायऱ्यांवर, ओट्यावर, जागा मिळेल तिथे बसले होते आणि सगळ्यांचे डोळे हौदाच्या कट्ट्यावरच्या केळीच्या पानाकडे लागले होते.

ते पान आईंचं होतं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं वर्षश्राद्ध होतं. याला आता वीसेक वर्षं झाली असतील. कराडचा आमचा तो बंगला तेव्हा होता आणि बंगल्याच्या मागे ते परस होतं. चिकू, पेरू, शेवगा, जास्वंदी आणि मध्ये हौद. शेवटची सहा-सात वर्षं आईंचा सगळा दिवस तिथंच जायचा. गुडघे गेले होते, पण नजर तीक्ष्ण. शिंप्यानं कुठल्या पानांची पिशवी शिवली, दयाळाची पिल्लं कधी उडाली, कुठल्या खारीची शेपटी मांजरानं तोडली, सगळं त्यांना ठाऊक. सकाळी भिजवलेले शेंगदाणे, दुपारी भाताची शितं, आणि मातीच्या परळात पाणी. मी चहा घेऊन गेले की मला शेजारी बसवायच्या आणि ओठांवर बोट ठेवून समोर दाखवायच्या. मला पाखरांतलं कावळा-चिमणीपलीकडे काही कळत नव्हतं. जे कळतं ते त्यांच्याकडून.

"का का, का का," श्रीकांतचा एक चुलतभाऊ तोंडाशी हात धरून ओरडायला लागला. दोन मुलंही ओरडायला लागली. त्या आवाजानं बुलबुल तेवढे उडाले.

शेजारच्या गच्चीवरून देशमानेकाकूंनी हाक मारली. "अहो, आमच्याकडे पाठवा पान! आमच्या गच्चीवर ढिगानं येतात मेले. पापड टाकायची सोय नाही."

"इंदूचं पान परक्याच्या गच्चीवर?" आत्या म्हणाल्या. काकूंना ते ऐकू गेलं असावं, पण त्या तिथून हलल्या नाहीत. उलट त्यांची सूनही बघायला वर आली.

"कमाल आहे," आत्या म्हणाल्या. "दहाव्याला घाटावर गेलो तेव्हा पिंड ठेवायचा अवकाश, लगेच शिवला होता. म्हणजे तेव्हा ती समाधानात गेली. जे काही झालंय ते मधल्या वर्षात झालंय."

मधल्या वर्षात त्या घरात मी आणि श्रीकांत दोघंच होतो. श्रीकांत दिवसभर ऑफिसात. बायकांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मला त्या पाठीवर कळत होत्या.

"आत्या, इथं कावळे येतच नाहीत," मी म्हणाले. "आई त्यांना हाकलायच्या. काठीला छत्रीचं काळं कापड बांधून ठेवलं होतं त्यांनी. पिल्लं पळवतात म्हणून. नंतर मीही हाकलत राहिले. सवयीनं."

हे खरं होतं. पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं आईंनी माझ्यापाशी ठेवायला दिलं होतं.

"आई कावळ्यांना हाकलायची?" उज्ज्वलाताई म्हणाल्या. उज्ज्वलाताई माझ्या नणंद. नागपूरला असतात. "काहीतरीच काय वहिनी! बाबा गेल्यापासून आई दर पितृपक्षात इथंच त्यांचं पान ठेवायची. ती कावळ्याला कशी हाकलेल? तू तुझं तिच्यावर ढकलू नकोस हं."

"ढकलत नाही हो ताई."

"आमच्या घरात पाखराला कुणी कधी हाड म्हटलेलं नाही." मग त्या पायरीवरच्या बायकांकडे वळल्या. "मुळात पाखरांचं वेड बाबांचं. आईला लागलं ते त्यांच्यामुळे. बाबा जेवता जेवता ताटातलं परसात घालायचे. आम्ही लहान होतो. आई म्हणायची, बघा, बाबांनी पाखरांना जेवायला घातलं."

"सरांचं सगळंच वेगळं," एक मावशी म्हणाल्या.

माझे सासरे हेडमास्तर होते. गावात त्यांना नुसतं 'सर' म्हणत. जन्मात कधी छडी हातात धरली नाही अशी त्यांची ख्याती. ते जाऊन दहा वर्षं झाली होती तरी भाजी घ्यायला गेले की मंडईत कुणीतरी मला म्हणायचं, तुम्ही सरांच्या सूनबाई ना, आणि दोन वांगी जास्त टाकायचं.

ऊन चढलं. पानावरच्या खिरीवर माशी बसली. आत स्वयंपाकघरात पुरणापासून भाजीपर्यंत सगळं झाकून ठेवलेलं, आणि बाहेर लहान मुलं रडकुंडीला आलेली. मग आमच्याकडे करतात ते सुरू झालं. गेलेल्या माणसाचं काय राहिलं असेल ते ओळखायचं आणि हात जोडून त्याला शब्द द्यायचा.

"साड्यांचं काय केलंस तिच्या?" आत्यांनी मला विचारलं.

"ताईंनी हव्या त्या नेल्या. उरलेल्या मी कामाच्या मावशींना दिल्या."

"इरकली पण?"

"ती विरली होती, आत्या."

"हं," आत्या म्हणाल्या.

श्रीकांत पुढे झाला. त्यानं हात जोडले. "आई, बंगल्याचं मी त्या बिल्डरला नुसतं विचारलं होतं. देणार नाही. तू काळजी करू नकोस."

बिल्डरला विचारल्याचं मला तेव्हाच कळलं. वीस माणसांच्या समोर, देशमानेकाकूंबरोबरच. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

कावळा आला नाही.

उज्ज्वलाताई रडायला लागल्या. "आई, दिवाळीला मी आले नाही म्हणून रागावलीस का गं? पोरीची परीक्षा होती." त्यांचं रडणं खोटं नव्हतं. मग त्यांनी डोळे पुसून मला विचारलं, "वहिनी, शेवटी तूच होतीस जवळ. तुला काही म्हणाली होती का? काही इच्छा?"

"नाही," मी म्हणाले.

इतका सरळ नकार दिला की माझा मलाच तो खोटा वाटला. आत्यांनाही वाटला असावा. त्यांनी काठीनं पुढची फरशी दाखवली.

"सूनबाई, तू जा. पानासमोर उभी राहा, आणि म्हण, माझं काही चुकलं असेल तर पोटात घाला."

मी श्रीकांतकडे बघितलं. तो हळूच म्हणाला, "म्हण ना. म्हणण्यात काय जातंय?"

मी गेले. उन्हानं तापलेल्या फरशीवर अनवाणी उभी राहिले. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, हात जोडले. आईंचं मी केलं होतं. कमोडचं भांडं धुण्यापासून नखं काढण्यापर्यंत केलं होतं आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं, कारण आईंची संगत मला आवडायची. पण तिथे उभं राहिल्यावर मला वाटायला लागलं की मी खरंच काहीतरी केलंय. चोरी न करताच चोराचा चेहरा कसा होतो ते मला त्या दिवशी कळलं. मान खाली गेली ती वर येईना.

"आई, माझं काही चुकलं असेल तर पोटात घाला."

"मोठ्यानं म्हण," आत्या म्हणाल्या. "तिला शेवटी ऐकू कमी यायचं."

कुणीतरी मुलगा फिस्सकन हसला. त्याच्या आईनं त्याला चापट मारली. मी मोठ्यानं म्हणाले. देशमानेकाकूंच्या गच्चीपर्यंत गेलं.

माझी तेव्हा एकच इच्छा होती. कुठूनही, कसलाही, एक कावळा यावा. आईंनी मला काय सांगितलं होतं ते मी बाजूला ठेवलं आणि मनात म्हणाले, ये रे बाबा, एकदा ये, चोच लाव आणि मला यातून सोडव.

नाहीच आला. बायका कुजबुजायला लागल्या. मी तशीच हात जोडून उभी, कारण मागे फिरावं की नाही तेही कुणी सांगेना.

मग उज्ज्वलाताईंना एकदम सुचलं. त्या उठून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "वहिनी, आईचा फोटो तू मागच्या खोलीत का लावलायस?"

"त्यांची खोली ती. तिथून परस दिसतं म्हणून."

"आणि बाबांचा बाहेर हॉलमध्ये. दोघांना असं वेगळं ठेवलंय! तेच तिच्या मनात असणार." त्यांनी हात जोडले. "आई, तुझा फोटो आम्ही आजच्या आज बाबांच्या शेजारी लावतो. तुम्हा दोघांना पुन्हा वेगळं करणार नाही."

आणि शेवग्याच्या फांदीवर पंख फडफडले.

"आला! आला!" मुलं ओरडली. "श्श!" म्हणून सगळ्यांनी त्यांना गप्प केलं. कावळा फांदीवरून कुंपणाच्या भिंतीवर उतरला. मान तिरकी करून त्यानं आम्हाला बघून घेतलं. ओट्यावरच्या सगळ्यांनी हात जोडले. आत्यांचे डोळे भरून आले. उज्ज्वलाताईंनी माझा दंड घट्ट धरला आणि त्या कुजबुजल्या, "बघ. बाबाच आले तिला न्यायला."

कावळा एकदाच ओरडला आणि भिंतीवरून हौदाच्या कट्ट्यावर आला. दोन उड्या मारल्या असत्या की पान. मी सुटणार होते.

तेवढ्यात त्यानं पंख सावरले, आणि उजव्या पंखातलं एक पांढरं पीस मला दिसलं.

मी ठरवून काही केलं नाही. माझे जोडलेले हात सुटले, त्यांची टाळी वाजली, आणि माझ्या तोंडून खड्या आवाजात बाहेर पडलं, "हाड! हाड!"

कावळा उडाला. चिकूवरून, देशमानेकाकूंच्या गच्चीवरून, पार नदीकडे गेला.

पेरूवर खारीचा चिरचिराट तेवढा ऐकू येत होता.

"वहिनी!" उज्ज्वलाताई किंचाळल्या. "अगं काय केलंस हे? लाज नाही वाटत तुला?"

वाटत होती. कान तापले होते, हौदात उडी घ्यावीशी वाटत होती. पण तोंड काही थांबेना.

"ते पान आईंचं आहे," मी म्हणाले. "आजच्या दिवस तरी त्यांना आधी जेवू द्या."

बोलून गेले आणि मग कळलं की काय बोलून गेले. आता सगळे विचारणार होते. म्हणजे काय? कुणाच्या आधी? आणि मग मला ते सांगावं लागणार होतं, जे आईंनी एका चैत्रातल्या दुपारी मला सांगितलं होतं.

त्या दुपारी त्यांनी नेहमीप्रमाणे काठी आपटून कावळा उडवला होता आणि मी त्यांची थट्टा केली होती. "आई, जगातल्या सगळ्या पाखरांना दाणे, आणि एकट्या कावळ्यानंच काय घोडं मारलंय तुमचं?"

"सगळ्या कावळ्यांनी नाही गं. तो एक पांढऱ्या पिसाचा आहे ना, त्यानं. त्याच्या पायी बाकीचे भरडतात बिचारे."

"त्यानं तरी काय केलंय?"

आईंनी इकडेतिकडे बघितलं. घरात आम्ही दोघीच होतो. "ते हे आहेत," त्या म्हणाल्या.

मला आधी समजेना. मग हसू आलं.

"हसतेस काय? वेळ बघ त्यांची. कुकरची शिट्टी झाली की भिंतीवर हजर. एकदाच ओरडतात. ताटाला उशीर झाला की अगदी असंच ओरडायचे." त्याही हसत होत्या. हसता हसताच पुढचं सांगितलं. "मीठ कमी पडलं की ताट परसात. जास्त पडलं की ताट परसात. पोळी गार झाली तरी तेच. त्यांनी अंगाला कधी हात लावला नाही हो, खोटं कशाला बोलू? नुसतं ताट. मी दुसरं वाढायची, ते जेवून शाळेत जायचे, आणि मग मी या दारात बसून राहायची. आधी खारी यायच्या. मग सातभाई. भात वेचून वेचून खायचे. वाटायचं, माझ्या हातचं कुणीतरी चवीनं खातंय. पाखरांची आवड, आवड म्हणतात ना, ती मला अशी लागली."

"मुलांना माहीत होतं?"

"पोरं विचारायची, ताट बाहेर कसं गेलं? मी सांगायची, बाबांनी पाखरांना घातलं."

"आणि तुम्ही काय जेवायचात?"

"उरेल ते. दोनदा वाढल्यावर काय उरतंय?"

मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "एकदा त्याला सहज हाड म्हणून बघितलं. तर उडाले की गं! मला मेलीला ठाऊकच नव्हतं, हाड म्हटलं की उडतात ते." आणि त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढून पदरानं पुसावा लागला. "मी गेल्यावरही येऊ देऊ नकोस हो त्याला. आणि हे कुठं बोलायचं नाही. पोरांचे बाबा पोरांना राहू देत."

एवढं सगळं मला आता त्यांच्या पोरांसमोर, त्यांच्या नणंदेसमोर सांगावं लागणार होतं. मी मान खाली घालून प्रश्नाची वाट बघत राहिले.

कुणीच विचारलं नाही.

मी मान वर केली. उज्ज्वलाताईंचा हात माझ्या दंडावरून कधी निघून गेला होता ते मला कळलं नव्हतं. त्या हौदातल्या पाण्याकडे बघत होत्या. श्रीकांत जानव्याशी चाळा करत होता. तो चुलतभाऊ, मघाशी का का करणारा, लहानपणी शिकायला दोन वर्षं याच घरात राहिला होता. तो उठून चपला शोधायला लागला. ज्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं, ते पाहुणे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. त्या घरातली जी होती ती माणसं मात्र कुठेच बघत नव्हती. प्रत्येकाला माहीत होतं. प्रत्येकाला आधीपासून माहीत होतं, आणि त्यांनी मला उन्हात उभं करून माफी मागायला लावली होती.

मला राग यायला हवा होता. पण लाजच वाटली. माझी वाटली, त्यांचीही वाटली. आईंनी जन्मभर पदराखाली झाकलेलं मी भर दुपारी गच्चीवरच्या बायकांसमोर उघडं केलं होतं. त्या वाक्याची लाज मला अजून वाटते. ते परत घ्यावं असं मात्र कधी वाटलेलं नाही.

आत्यांनी काठी टेकली आणि त्या उठायला लागल्या. मी सवयीनं आधार द्यायला पुढे झाले. त्यांनी माझा हात धरला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"माझा धाकटा भाऊ तो," त्या म्हणाल्या. "मी एकदा इंदूला म्हणाले होते, मिठाचा अंदाज शीक म्हणजे झालं." मग गुरुजींकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "गुरुजी, दर्भाचा कावळा करा आणि शिववा पानाला. पोरं भुकेली झालीत."

गुरुजींनी दर्भाची गाठ मारून कावळा केला, पानाला लावला, मंत्र म्हटले. पाहुण्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि हातपाय धुवायला नळावर गर्दी झाली.

आत पुरुषांची पंगत बसली. मी स्वयंपाकघरातून बाहेर यायला तयार नव्हते. ओट्याकडे तोंड करून वडे तळत राहिले. उज्ज्वलाताई वाढत होत्या. आत यायच्या, भांडं भरून घ्यायच्या, बाहेर जायच्या. अशा तीन-चार फेऱ्या झाल्या. मग एकदा कढईशेजारी येऊन थांबल्या.

"पाखरांना कुणी ताटासकट घालतं का गं, वहिनी?"

मी झारा खाली ठेवला.

"शाळेत जायच्या आधी ताट मी उचलून आणायची. चेपलेलं असलं तर दादा दगडानं ठोकून सरळ करायचा. आम्ही दोघं त्यावर कधी एक अक्षर बोललो नाही. आजपर्यंत नाही." त्या खालच्या आवाजात बोलत होत्या, बाहेर पंगत होती. "आई म्हणायची, पाखरांना घातलं. मग आम्ही पण तेच सांगायला लागलो. सांगून सांगून खरं वाटायला लागलं. आज पायरीवर बसून सांगितलं ना, तेव्हाही खरंच वाटत होतं मला."

"ताई, मी असं बोलायला नको होतं."

"तू त्याला हाड म्हणालीस." त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. "आणि तो उडाला, तेव्हा मला इतकं बरं वाटलं. बाप होता माझा. इतकं बरं वाटलं की लाज वाटली मला माझी, म्हणून तुझ्यावर ओरडले."

बाहेरून कुणीतरी आमटी मागितली. त्यांनी डोळे पुसले, पातेलं उचललं आणि गेल्या.

पुरुष जेवून उठले तेव्हा दुपार कलायला लागली होती. मग आम्ही बायका बसलो. आत्या, उज्ज्वलाताई, मावश्या, आणि सगळ्यांत शेवटी मी. भात कालवला, पहिला घास घेतला, आणि माझा हात तसाच थांबला.

श्राद्धाचा स्वयंपाक चाखून बघत नाहीत. देवापितरांच्या आधी जिभेला लावायचा नसतो. सकाळच्या गडबडीत मी आमटीत मीठ घालायचंच विसरले होते. चिमूटभरसुद्धा नव्हतं.

"ताई," मी शेजारी बघून हळूच म्हणाले, "आमटीत मीठ नाही."

"माहीत आहे."

"मग मला सांगायचं नाही का? सगळी पंगत तशीच जेवली? कुणी मीठ मागितलं नाही?"

"मीठ वाढलेलंच होतं, पानाच्या कडेला. वर मी वाटी घेऊन दोनदा सगळ्यांच्या समोरून गेले," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "दादानं पहिला घास घेतला तेव्हाच मला त्याच्या तोंडावरून कळलं. तो तसाच जेवला. ते बघून बाकीचेही तसेच जेवले. कुणी वाटीकडे हात केला नाही."

समोरच्या पानावर आत्या जेवत होत्या. आमचं बोलणं त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांनी आमटीभात पुन्हा कालवला, एक घास घेतला, नीट चावून गिळला, आणि माझ्याकडे न बघता पान पुढे केलं.

"सूनबाई, अजून थोडी वाढ."